वर्ध्याचे रस्ते आणि प्रतिसंस्कृतीची स्मृती

१

‘प्रतिसंस्कृती’ हा शब्द मराठीत अलीकडचा आहे. थिओडोर रोझॅक या अमेरिकन इतिहासकाराच्या १९६९ च्या ग्रंथामुळे जी संज्ञा रूढ झाली, तिचा हा प्रतिशब्द होय. या शब्दाबरोबर अभ्यासकाच्या मनापुढे जे चित्र उभे राहते तेही बहुधा परदेशातलेच असते. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या दाराशी सुरू होणारा टेलिग्राफ अ‍ॅव्हेन्यू, किंवा १९६८ च्या मे महिन्यातील पॅरिसचा विद्यार्थी-मोहल्ला, ही त्याची ठरीव उदाहरणे. शिक्षणसंस्थांच्या आश्रयाने वाढलेले गाव, रूढ पोशाख, अन्न, कमाई आणि शिक्षण नाकारणारी माणसे, आणि हे नाकारणे घराच्या चार भिंतींत न ठेवता रस्त्यावर आणण्याची वृत्ती, अशी तीन लक्षणे या उदाहरणांत समान आढळतात. अशा गावांत पुढे त्या काळाच्या आठवणी सांगण्याची एक परंपराच निर्माण होते आणि त्या आठवणींत रस्त्याला मध्यवर्ती स्थान असते.

ही तिन्ही लक्षणे वर्धा शहराला १९२१ ते १९४२ या दोन दशकांत पूर्णपणे लागू पडतात. तथापि वर्ध्याचा इतिहास या दृष्टीने क्वचितच पाहिला गेला आहे. वर्ध्याची जी स्मृती आज प्रचलित आहे, ती आश्रमाची आहे. सेवाग्रामातील कुट्या, पवनारचे धाम नदीकाठचे आश्रमस्थान आणि मगनवाडीतील संग्रहालय, एवढ्यात ती सामावते. या स्थानांना जोडणारे रस्ते आणि त्या रस्त्यांवर चाललेले जीवन मात्र तिच्यात नाही. ही उणीव किरकोळ नाही. कारण आश्रमात जे आचरण व्रत होते तेच रस्त्यावर आल्यावर आव्हान बनत होते, आणि रस्ता वगळला की आव्हान वगळले जाऊन केवळ व्रत उरते. प्रस्तुत निबंधात या रस्त्यांवरील जीवनाचा, आणि ते ज्या शब्दांतून व नावांतून अवशिष्ट राहिले त्यांचा, विचार करावयाचा आहे.

२

वर्धा हे जुने गाव नव्हे. नागपूर जिल्ह्यातून १८६२ साली वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला, तेव्हा त्याचे ठाणे पुलगावजवळील कवठा येथे होते. १८६६ साली पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी नवे शहर आखण्यात आले आणि जिल्ह्याचे ठाणे तेथे आले. वर्धा नदीचे नाव शहराला मिळाले व पालकवाडी हे नाव लोपले. जुन्या पेठा, वाडे, वेशी, गल्ल्या यांचा वारसा या गावाला नव्हता. आखलेले रुंद रस्ते आणि आगगाडीचे स्थानक हीच त्याची पूर्वपीठिका.

या गावाला कापसाने वाढविले. हिंगणघाटच्या कापसाची ख्याती दूरवर होती. जिल्ह्यातला कापूस बैलगाड्यांतून सरकी काढण्याच्या कारखान्यांत येई, तेथून दाबखान्यात त्याच्या गाठी बांधल्या जात आणि आगगाडीने त्या मुंबईकडे रवाना होत. हंगामात वर्ध्याच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्यांची रांग हे नित्याचे दृश्य होते. अडत्ये, सावकार, मालगुजार, वकील आणि सरकारी अंमलदार हा त्या रस्त्यावरचा प्रतिष्ठित वर्ग. मारवाडी व्यापारी घराण्यांपैकी बच्छराज यांच्या घराण्यात दत्तक आलेले जमनालाल बजाज (१८८९–१९४२) हे याच वर्गातले. सरकारने दिलेला रायबहादूर हा किताब त्यांनी १९२१ मध्ये परत केला आणि त्याच वर्षी ८ एप्रिल रोजी, त्यांच्याच आग्रहामुळे, विनोबा भावे साबरमतीहून वर्ध्यास आले.

येथे एक विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. ज्या गावाची सारी संपत्ती कापूस बाहेर पाठविण्यावर उभी होती, त्याच गावात कापूस बाहेर न पाठविता हाताने कातावा असे सांगणारी मंडळी येऊन राहिली, आणि त्यांचा पोशिंदा कापसाच्याच व्यापारातला होता. रूढ व्यवहाराला विरोध करणारे जीवन रूढ व्यवहारातल्याच पैशावर उभे राहते, हे प्रतिसंस्कृतीचे सर्वत्र आढळणारे लक्षण आहे. वर्धा त्याला अपवाद नव्हता.

३

रस्ता कोणाचा, हा प्रश्न या प्रदेशात प्रथम १९२३ साली स्पष्टपणे विचारला गेला. नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात वादाचा विषय काही कायदा किंवा कर नव्हता. राष्ट्रीय झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समधील रस्त्याने जाता येईल की नाही, एवढाच होता. जमनालालजी या सत्याग्रहाचे पुढारी होते. ते आणि विनोबा दोघेही त्यात तुरुंगात गेले. हातात झेंडा घेऊन रस्त्याने चालणे ही कृतीच या चळवळीत पुरेशी ठरली.

पुढील पायरी देवळाची. जमनालालजींच्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जुलै १९२८ मध्ये अस्पृश्य मानलेल्यांना खुले करण्यात आले. सनातन्यांचा विरोध होताच. देवळाचा प्रश्नही एका अर्थी रस्त्याचाच प्रश्न होता. कारण अस्पृश्यतेचे नियम देवळाच्या उंबरठ्यावर सुरू होत नाहीत. विहिरीकडे जाणारी वाट, बाजारातली बसण्याची जागा, सावली कोणाची कोणावर पडते याचा हिशेब, यांतून ते रस्त्यावर रोज पाळले जातात. मंदिराच्या दारापर्यंत उघडपणे चालत जाणारी माणसे गावाने पाहिली, ही या घटनेतील नवी गोष्ट होती.

गांधी १९३३ च्या सप्टेंबरात वर्ध्यास आले आणि ७ नोव्हेंबरला त्यांनी येथूनच हरिजन-यात्रेला आरंभ केला. १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना होऊन जमनालालजींनी दिलेल्या बागेत, म्हणजे मगनवाडीत, त्याचे ठाणे पडले. तेव्हापासून वर्ध्याच्या रस्त्यांचे स्वरूप पालटले. यांपैकी तीन आचारांचा येथे विशेष विचार केला पाहिजे : फेरी, कताई आणि सफाई.

‘फेरी’ हा शब्द मराठीत जुना आहे. भिक्षेकऱ्याची फेरी, फेरीवाल्याची फेरी, असा त्याचा वापर. पहाटे दारोदार गात फिरणारा वासुदेव ही तर महाराष्ट्राच्या खेड्यांची परिचित आकृती. ‘प्रभातफेरी’ हा राष्ट्रीय चळवळीत रूढ झालेला समास या जुन्या आकृतीवरच उभा आहे. पहाटेची वेळ, समूहाचे गाणे व दारावरून जाणे या गोष्टी जुन्याच. पण फेरी करणाराला आता दान नको होते, ऐकणाराने दार उघडून बाहेर यावे एवढीच अपेक्षा होती. तुकडोजी महाराज १९३६ साली गांधींच्या निमंत्रणावरून सेगावला येऊन राहिले. खंजिरीवरील त्यांच्या भजनाने या प्रकाराला वैदर्भी वळण दिले. पुढे तुकडोजींची भजने गावोगाव पसरली, त्यामागे देऊळ सोडून चौकात येण्याची हीच प्रवृत्ती होती.

कताईसंबंधी भाषेच्या दृष्टीने एक मौजेची गोष्ट आहे. मराठीत ‘टकळी चालवणे’ किंवा ‘तोंडाची टकळी’ म्हणजे सतत बडबड करणे. सूत काढण्याचे हे हातसाधन घरोघर असताना त्याच्या अखंड गरगरण्यावरून हा वाक्प्रचार पडला असावा. गिरणीच्या सुताने साधन नाहीसे झाले आणि वाक्प्रचार तेवढा उरला. वर्ध्याच्या रस्त्यावर साधन परत आले. सभेत, स्थानकावर गाडीची वाट पाहताना किंवा चालता चालता टकळीवर सूत काढणारी माणसे येथे दिसू लागली, आणि ती बहुधा मुकाट्याने काततात हे लोकांना दिसले. गुंडी, तार, पेळू, लटी हे शब्द शिकलेल्या माणसाच्या बोलण्यात आले. एक गुंडी म्हणजे ६४० तार आणि एक तार चार फुटांचा, असा हिशेब शाळकरी मुलेही करू लागली. मॉरिस फ्रीडमन हे पोलिश अभियंते ‘भारतानंद’ या नावाने या वर्तुळात आले. त्यांनी रचलेली ‘धनुष तकली’ पुढे सर्वत्र गेली. रोज हातात असणाऱ्या साधनावर शास्त्रज्ञाची बुद्धी खर्च व्हावी ही कल्पनाच त्या काळच्या सुशिक्षित समाजाला नवीन होती.

तिसरा आचार सफाईचा, आणि तोच सर्वांत दुष्कर ठरला. वर्धा शहराला लागून सिंदी नावाचे खेडे आहे. याच जिल्ह्यातील सिंदी रेल्वे हे गाव निराळे. १९३५ साली गांधी, महादेव देसाई आणि मगनवाडीतील इतर मंडळी बादल्या व फावडी घेऊन सकाळी सिंदीला जाऊ लागली. रस्त्याच्या कडेला लोकांनी केलेली घाण उचलून ते खताच्या खड्ड्यात टाकीत. मीराबेन तर त्या खेड्यातच जाऊन राहिल्या. हा क्रम महिनोन्‌महिने चालला, पण गावकरी त्यात सामील झाले नाहीत. उलट, अमुक ठिकाणी अजून घाण आहे, असे बोट दाखवून सांगणारेही निघत, असे त्या मंडळींच्या आठवणींत नमूद आहे. गावाच्या दृष्टीने घाण उचलणे हे एका जातीचे काम होते. ते काम करू लागलेला माणूस कोणत्या जातीत गेला, एवढाच प्रश्न त्याला पडत असावा.

विदर्भाला हा आचार सर्वस्वी अपरिचित होता असे मात्र नाही. गाडगेबाबा (१८७६–१९५६) हाती खराटा घेऊन गावात शिरत, आधी रस्ते झाडीत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या अंगावरील चिंध्या आणि डोक्यावरील खापर हाही एक प्रकारे रस्त्यावर मांडलेला निषेधच होता. फरक एवढाच की, गाडगेबाबा गावाच्या बोलीत बोलत, गावाच्याच अन्नावर राहत व दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला जात. मगनवाडीची मंडळी शेजारी म्हणून आली होती आणि जाणार नव्हती. शेजाऱ्याची शिकवण पाहुण्याच्या शिकवणीपेक्षा जड जाते. विनोबांनी पुढे १९४६ ते १९४८ या काळात पवनारहून सुरगावपर्यंत खांद्यावर फावडे टाकून जाण्याचा नेम धरला, त्यात सिंदीच्या अनुभवाचीच पुनरावृत्ती होती.

४

३० एप्रिल १९३६ रोजी गांधी वर्ध्याहून पायी निघून सेगावला राहावयास गेले. सेगाव, म्हणजे पुढचे सेवाग्राम, वर्ध्यापासून पाच मैलांवर. धड सडक नव्हती. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल गाडीची चाके धरून ठेवी. महादेव देसाई त्या काळात मगनवाडीत राहत व रोज सेगावला जाऊन परत येत. उन्हाळ्यातही त्यांची ही सुमारे अकरा मैलांची रपेट चुकली नाही. कधी दिवसात दोन खेपा होत, असे त्यांचे पुत्र नारायण देसाई यांनी लिहून ठेवले आहे. देशाचे राजकारण ज्या पत्रांवर चालत होते ती पत्रे या पायवाटेने जात होती. या काळात काँग्रेसचे पुढारी, परदेशी वार्ताहर, जिज्ञासू आणि विक्षिप्त अशा सर्वांनाच आगगाडीतून उतरून या वाटेने जावे लागे. वर्ध्याच्या टांगेवाल्याने जितकी तऱ्हेतऱ्हेची माणसे पाहिली, तितकी त्या काळी मध्यप्रांतातील दुसऱ्या कोणी पाहिली असतील असे वाटत नाही.

या माणसांचे वैचित्र्य नजरेत भरणारे होते. मीराबेन या इंग्रज नौदल अधिकाऱ्याच्या कन्या. डोक्यावरचे केस काढलेल्या, खादी नेसलेल्या. ग्रामोद्योग संघाचे कार्य चालविणारे जे. सी. कुमारप्पा लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेले आणि कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले. ते आता तेलघाणी, हातकागद आणि मधमाशा यांचा विचार करीत होते. प्राध्यापकी सोडलेले जयकृष्ण भणसाळी यांनी एके काळी मौनासाठी ओठ तारेने शिवून घेतले होते आणि ते कच्चे पीठ व कडुनिंबाचा पाला यांवर राहत. याच भणसाळींनी १९४२ मध्ये चिमूर येथील अत्याचारांच्या चौकशीसाठी ६३ दिवस उपोषण केले. संस्कृत पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने जर्जर होऊन सेवाग्रामला आले, तेव्हा गांधींनी त्यांची शुश्रूषा स्वतः केली. मनोहर दिवाण यांनी तर १९३६ मध्येच वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधामाचे काम सुरू केले होते. ज्या रोग्याला गाव रस्त्यावरून हाकलून देत असे, त्याला या वर्तुळात घर मिळाले.

इटलीत जन्मलेले लान्झा देल वास्तो १९३७ च्या सुमारास या रस्त्याने गांधींकडे आले. गांधींनी त्यांना ‘शांतिदास’ असे नाव दिले. मायदेशी परतल्यावर त्यांनी १९४८ मध्ये फ्रान्समध्ये ‘आर्श’ नावाचा कष्टकरी समुदाय स्थापन केला. दक्षिण फ्रान्समधील लार्झाक येथे लष्करी छावणीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या जाऊ लागल्या, तेव्हा १९७२ मध्ये त्यांनी तेथे उपोषण केले. कुमारप्पांचे अर्थशास्त्रीय विचार ई. एफ. शूमाखर यांनी आपल्या ‘बौद्ध अर्थशास्त्र’ या निबंधात उद्धृत केले आणि १९७३ नंतर त्यांच्या ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ या ग्रंथाबरोबर ते जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती गेले. ज्याला पाश्चात्य प्रतिसंस्कृती म्हणतात तिचा एक प्रवाह वर्ध्याच्या रस्त्यावरून निघाला होता, हे यावरून स्पष्ट होईल. वर्धा तिची नक्कल नव्हे. कालक्रमाने पाहता नाते उलट आहे.

५

या रस्त्यांवरील भाषाव्यवहार स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. गाव वऱ्हाडी-नागपुरी मराठी बोलणारे. ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘काळा’चा ‘काया’ करणारे. आश्रयदाते मारवाडी, आश्रमवासी बव्हंशी गुजराती, पाहुणे सर्व प्रांतांचे, आणि ध्येय हिंदुस्थानीचे. राष्ट्रभाषा प्रचार समिती वर्ध्यास १९३६ मध्ये स्थापन झाली. लिपी व शब्दसंग्रह यांवरील मतभेदातून १९४२ मध्ये हिंदुस्थानी प्रचार सभा निघाली. काका कालेलकर व दादा धर्माधिकारी यांनी संपादिलेले ‘सर्वोदय’ हे मासिक १९३८ पासून येथून हिंदीत निघत होते.

संबोधनांत हा संकर विशेष स्पष्ट दिसतो. मराठीतील ‘राव’, ‘पंत’, ‘बाई’ यांच्या जोडीला ‘भाई’, ‘बेन’, ‘जी’ आले. ‘बापू’ आणि ‘बा’ आले. राव आणि पंत यांना जातीचा व हुद्द्याचा वास होता. भाई आणि बेन यांना तो नव्हता. इंग्रज स्त्रीला ‘मीराबेन’ म्हणताना वर्ध्याचा माणूस एका परभाषेतील नात्याचा आधार घेऊन वर्णभेदाच्या पलीकडे जात होता. याउलट ‘विनोबा’ हे गांधींनी दिलेले नाव मात्र मराठीच्या प्रकृतीचे आहे. विठोबा, तुकोबा, ज्ञानोबा या परंपरेतील ‘-ओबा’ हा प्रत्यय त्यात आहे. विनोबांची ‘गीताई’ १९३२ मध्ये प्रसिद्ध होऊन मराठी घरांत सहज शिरली, यावरून लोकभाषेशी जोडलेला सांधा किती टिकाऊ ठरतो हे दिसते. बाकीचे पुष्कळसे साहित्य हिंदीत किंवा इंग्रजीत निघाले. त्याचे वाचक गावाबाहेर होते.

विद्यार्थ्यांचा संबंध येथे येतो. मारवाडी विद्यालयाच्या, म्हणजे पुढील नवभारत विद्यालयाच्या, रौप्यमहोत्सवाचे निमित्त साधून २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तीतून झाकीर हुसेन समिती व ‘वर्धा योजना’ निघाली. हस्तोद्योगातून शिक्षण या कल्पनेवर देशभर वाद झाला, मुस्लिम लीगने तिच्यावर कडक टीका केली, आणि ‘वर्धा’ हे गावाचे नाव शिक्षणशास्त्राची संज्ञा झाले. १९४० मध्ये गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले. त्याचे प्राचार्य श्रीमन्नारायण यांनी १९४४ मध्ये गांधीवादी आर्थिक योजना मांडली. नफातोट्याचे शास्त्र शिकविणारे महाविद्यालय आणि नफ्याची कल्पनाच नाकारणारी मगनवाडी एकाच गावात, बऱ्याच अंशी एकाच कुटुंबाच्या आश्रयाखाली होती. विद्यार्थ्याला दोहोंतून जावे लागे. सकाळी फेरी, दुपारी जमाखर्च, अशी ही दुहेरी दीक्षा होती.

१४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यसमितीने इंग्रजांनी देश सोडावा हा ठराव वर्ध्यातच केला. ऑगस्टमध्ये पुढारी तुरुंगात गेल्यावर चळवळ लोकांच्या हाती आली. १६ ऑगस्टला याच जिल्ह्यातील आष्टी येथे जमाव पोलीस ठाण्यावर चालून गेला. गोळीबारात माणसे मेली आणि पोलीसही मारले गेले. वीस वर्षे रस्त्यावर शिकविलेल्या संयमाचा तो अंत होता की त्याच शिकवणीतून आलेल्या निर्भयतेचा तो परिपाक होता, याविषयी दुमत संभवते. दोन्ही विधानांत तथ्य आहे.

६

आतापर्यंतचे विवेचन रस्त्यावर येणाऱ्यांच्या बाजूने झाले. ज्यांचा रस्ता आधीपासूनच होता, म्हणजे जे पिढ्यान्‌पिढ्या तो झाडीत आले होते, त्यांच्या बाजूने पाहिले असता चित्र निराळे दिसते. सफाई हे उच्चवर्णीयाने स्वीकारले तर व्रत होते. ज्याला ते जन्माने लादलेले असते त्याला त्यात व्रत दिसत नाही. त्याची मागणी खराट्याला प्रतिष्ठा मिळावी ही नसून खराटा हातातून सुटावा ही असते.

हा विरोध वर्ध्याच्या वाटेवरही प्रकट झाला. जुलै १९३८ मध्ये मध्यप्रांतातील डॉ. ना. भा. खरे यांचे मंत्रिमंडळ गेले. त्यांनी ऐनवेळी मंत्रिमंडळात घेतलेले अग्निभोज हे अस्पृश्य वर्गातील मंत्रीही गेले, आणि नव्या मंत्रिमंडळात त्या वर्गाचा कोणी नव्हता. तेव्हा अस्पृश्य कार्यकर्त्यांनी सेगावला येऊन गांधींच्याच दाराशी उपोषणाचा सत्याग्रह केला. ज्या साधनाने सरकारचा रस्ता अडवावयाचा ते साधन आश्रमाच्या दाराशी वापरले गेले, ही घटना वर्ध्याच्या स्मृतीतून जवळजवळ पुसली गेली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ च्या ग्रंथात काँग्रेस व गांधी यांच्या अस्पृश्यतानिवारणाची कठोर चिकित्सा केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी वर्ध्यापासून अवघ्या ७५ किलोमीटरांवर, नागपूरला, लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर लक्ष्मीनारायण मंदिराचे दार उघडे आहे की बंद, हा प्रश्न त्यांच्यापुरता संपला. त्यांनी देवळाकडे जाणारा रस्ताच सोडला होता.

म्हणून वर्ध्याच्या प्रतिसंस्कृतीची स्मृती लिहिताना दोन रस्ते लिहावे लागतील. एक खाली उतरणाऱ्यांचा आणि दुसरा वर येऊ पाहणाऱ्यांचा. ते काही काळ एकमेकांना छेदून गेले. एकरूप झाले नाहीत. आपल्याजवळ असलेली आठवणींची पुस्तके, मीराबेन यांचे १९६० चे आत्मचरित्र असो वा नारायण देसाई यांच्या बालपणीच्या आठवणी असोत, पहिल्या रस्त्यावरील माणसांची आहेत. ती प्रामाणिक आहेत. सिंदीतील अपयश त्यांनी लपविलेले नाही. परंतु सिंदीच्या रहिवाशाने सकाळी दारात उभे राहून काय पाहिले, याची नोंद त्यांतून मिळणार नाही.

७

स्वातंत्र्यानंतर या जीवनाचे काय झाले, हे शब्दांच्या इतिहासावरून चांगले कळते. १९४८ च्या मार्चमध्ये सेवाग्रामला गांधींच्या अनुयायांची परिषद भरून सर्वोदय समाजाची स्थापना झाली. ८ मार्च १९५१ रोजी विनोबा येथूनच शिवरामपल्लीकडे पायी निघाले आणि ‘पदयात्रा’ हा शब्द भूदानाशी जोडला गेला. यानंतर मात्र रस्त्यावरील एकेक आचार सरकारी परिभाषेत शिरू लागला. ‘श्रमदान’ हा शब्द १९५२ मध्ये सुरू झालेल्या समूहविकास योजनेने उचलला. ‘प्रभातफेरी’ शाळांच्या वेळापत्रकात आली. १५ ऑगस्टच्या सकाळी गणवेश घालून, शिक्षकांच्या देखरेखीखाली ती निघते. खादी हा सत्ताधाऱ्यांचा पोशाख झाला. गाडगेबाबांचे नाव २००० नंतर महाराष्ट्र शासनाच्या ग्रामस्वच्छता अभियानाला मिळाले, आणि गांधींचा चष्मा २०१४ च्या स्वच्छ भारत अभियानाचे चिन्ह झाला.

या शब्दांचा अर्थ तसा पालटलेला नाही. पालटला तो त्यांचा कर्ता. १९३५ मध्ये ‘सफाई’ या क्रियेचा कर्ता असा माणूस होता की जो ती करील अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. तिचे सारे सामर्थ्य त्या अनपेक्षिततेत होते. अभियानात कर्ता शासन आहे आणि प्रत्यक्ष झाडणारे हात पुष्कळदा पूर्वीच्याच समाजाचे आहेत. शब्द टिकला म्हणून आशय टिकला असे मानणे ही स्मृतीच्या अभ्यासातील नेहमीची चूक होय, आणि वर्ध्याच्या बाबतीत ती सहज घडते. कारण येथे शब्द फार चांगले टिकले आहेत.

स्थलनामांचेही तसेच. मगनवाडी, बजाजवाडी, जाजूवाडी, गोपुरी ही नावे आज पत्त्यांत येतात. ‘सेगाव’ हे नाव बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी टपालात घोटाळा होत असल्यामुळे १९४० मध्ये बदलून ‘सेवाग्राम’ झाले. गावाचे नाव जाऊन ध्येयाचे नाव आले. सोयीसाठी झालेला हा बदल स्मृतीच्या दृष्टीने मोठा ठरला, कारण सेगावातील शेतकरी, मजूर आणि अस्पृश्य वस्ती ही आश्रमाच्या आधीची होती.

संस्थांच्या रूपाने काही धागे चालू राहिले. सेवाग्राम येथे १९६९ मध्ये डॉ. सुशीला नय्यर यांच्या पुढाकाराने वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तेथे खादी, श्रमदान व सामुदायिक प्रार्थना विद्यार्थ्यांच्या शिस्तीचा भाग करण्यात आली. १९९७ मध्ये वर्ध्यास महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आले. अशा रीतीने वर्धा हे आज पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात विद्यार्थ्यांचे गाव आहे. मात्र जे आचार एके काळी घर, जात आणि नोकरी यांच्या विरोधात जाऊन स्वीकारावे लागत, ते आता प्रवेशाबरोबर नियम म्हणून येतात. नियमात वाईट काही नाही. पण नियम पाळणारा आणि नियम मोडून नवा आचार घालून देणारा, यांच्यातील अंतर विद्यार्थ्याला कळले पाहिजे.

८

वर्ध्याच्या या कालखंडाचे यथार्थ स्मरण करावयाचे असेल तर कुटीपासून आरंभ न करता वाटेपासून करावा लागेल. मगनवाडी ते सेवाग्राम हा रस्ता, बजाजवाडीकडून लक्ष्मीनारायण मंदिराकडे जाणारा रस्ता, आणि मगनवाडीतून सिंदीत शिरणारी वाट, यांचा इतिहास कागदपत्रांबरोबरच त्या वाटांवरील घरांतून गोळा करावा लागेल. ज्या पिढीने तो काळ पाहिला ती जवळजवळ संपली आहे. तिच्या मुलानातवंडांनी ऐकलेल्या गोष्टी, सिंदी, नालवाडी आणि सुरगाव येथील बोलीत सांगितल्या जाणाऱ्या आठवणी, त्या काळी पडलेली टोपणनावे आणि म्हणी, हे साहित्य अद्याप मिळण्यासारखे आहे. ते मराठीत, आणि सांगणाऱ्याच्या मराठीत, उतरवून घेणे हे भाषेच्या व इतिहासाच्या अभ्यासकांचे संयुक्त काम आहे.

असे साहित्य हाती आल्यावर त्या काळाविषयीचा आदर कदाचित थोडा कमी होईल आणि त्याची समज वाढेल. सिंदीत बादली घेऊन जाणाऱ्यांना गावाने काय नाव ठेवले होते, हे अजून कोठेही छापले गेलेले दिसत नाही. ते नाव मिळेपर्यंत वर्ध्याच्या रस्त्याचा अर्धा इतिहास अलिखितच राहणार आहे.